नातवाला घेऊ की हात जपू?

पत्र लिहिणाऱ्या बाई ५८ वर्षांच्या आहेत. पावणेदोन वर्षांपूर्वी त्यांच्या डाव्या स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. त्याच वेळी काखेतल्या १४ गाठी काढल्या. पुढे किमो आणि रेडिएशनही झालं. तपासण्या आजवर चांगल्या आल्या आहेत. मात्र गेल्या दीड-दोन महिन्यांपासून संध्याकाळ झाली की डावा हात जड होतो, ब्लाउजची बाही दंडाला रुतते आणि सकाळी उठल्यावर ते पुष्कळसं उतरलेलं असतं. ‘या हाताने जड उचलू नका’ हा डिस्चार्जच्या वेळचा सल्ला घरच्यांनी इतका मनावर घेतला आहे की त्यांनी ताट उचललं तरी मुलगा धावत येतो. आता घरात दीड महिन्याचा नातू आहे. त्या लिहितात: “बाळाला घ्यावंसं फार वाटतं, पण तो हात बिघडला तर? भाची म्हणते, लिम्फ तुंबलंय, विषारी द्रव्यं साचलीत, मसाज करून डिटॉक्स करून घे. हे म्हणतात, हाताला पूर्ण विश्रांती दे. चौदा गाठी होत्या, म्हणजे रोग किती पसरला असेल! आता उरलंय ते सांभाळायचं, एवढंच माझ्या हाती आहे ना?”

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना जाणवलं की पत्रभर तुम्ही ‘तो हात’ असंच लिहिलं आहे. ‘माझा हात’ कुठेच नाही. त्याकडे मी नंतर येते.

आधी घाईचं. नव्याने आलेली सूज या आठवड्यातच तुमच्या सर्जनना किंवा कर्करोगतज्ज्ञांना दाखवा. तुम्ही वर्णन केलं आहे ते लसीकेच्या (भाची म्हणते त्या लिम्फच्या) सुजेसारखं, म्हणजे लिम्फेडेमाच्या सुरुवातीसारखं वाटतं. पण शिरेत गुठळी झाली तरी हात सुजतो आणि काखेत काही नवीन वाढत असेल तरीही सुजतो. काख तपासून, गरज वाटली तर सोनोग्राफी करून या दोन शक्यता बाजूला ठेवायच्या, मगच पुढचं सगळं करायचं. आणि हात लाल झाला, गरम लागला, थंडी वाजून ताप आला, किंवा एका दिवसात एकदम सुजून दुखायला लागला, निळसर दिसला, तर आठवड्याची वाट पाहायची नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. दम लागला तर क्षणभरही थांबायचं नाही.

आता त्या चौदा गाठी. हा घोळ मराठीनेच घातला आहे. स्तनात लागते तीही गाठ आणि प्रत्येक माणसाच्या काखेत जन्मापासून असते तीही गाठच. लहानपणी पायात काही रुतून पिकलं की जांघेत अवधाण यायचं, आठवतं? चालताना ठणकणारी ती गुठळी जखमेमुळे तिथे उगवलेली नसायची. लसीका ग्रंथी तिथे होतीच. पायातले जंतू आणि त्यांचे अवशेष वाहत तिच्यापर्यंत पोचायचे, ते ओळखून लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तिच्यात भराभर वाढायच्या आणि ती सुजून हाताला लागायची. घरातल्या मोठ्यांना ते बरोबर कळायचं. जांघ दुखते म्हटलं की ते आधी पाऊल उलटून बघायचे.

अशा ग्रंथी शरीरात सहाशेच्या आसपास असतात. त्यांतल्या वीस-तीस काखेत. शस्त्रक्रियेत काखेतल्या चरबीचा एक भाग सलग काढतात आणि त्यात किती ग्रंथी आल्या ते प्रयोगशाळेत मोजतात. तुमचा पॅथॉलॉजीचा रिपोर्ट फाइलमधून काढा. त्यात ‘२/१४’ किंवा ‘०/१४’ असा काहीतरी आकडा असेल. खालचा आकडा काढलेल्या ग्रंथींचा असतो आणि वरचा रोग सापडलेल्या ग्रंथींचा. तुम्ही पावणेदोन वर्षं खालचा आकडा रोगाचा समजून उराशी धरून बसला आहात. वरचा किती आहे आणि त्याचा तुमच्यापुरता अर्थ काय, हे पुढच्या भेटीत डॉक्टरांकडून नीट समजून घ्या. हे तुम्हाला आधीच कुणी फोड करून सांगायला हवं होतं.

रोगाच्या हिशोबात तो आकडा जितका वाटतो तितका मोठा नाही. हाताच्या हिशोबात मात्र तो खरोखर मोठा आहे, कारण हातातून परतणाऱ्या लसीकेचा मुख्य रस्ता त्या काखेतून जात होता.

रक्त केशिकांतून, म्हणजे अगदी बारीक रक्तवाहिन्यांतून, वाहताना त्यातलं थोडं पाणी, क्षार आणि थोडी प्रथिनं बाहेर झिरपत राहतात. पेशींचं पोषण त्यातूनच होतं. हे झिरपलेलं पाणी परत रक्तात पोचवण्याचं काम लसीकावाहिन्यांचं; त्यांच्यात शिरलं की त्यालाच लसीका म्हणतात. रोज साधारण तीन लिटर लसीका त्या गोळा करतात, वाटेत ग्रंथींमधून गाळून घेतात आणि गळ्याच्या तळाशी, गळपट्टीच्या हाडामागच्या मोठ्या शिरांमध्ये सोडतात. रक्तातला पातळ भागच मुळात तीन लिटरच्या आसपास असतो, म्हणजे काम किती मोठं आहे बघा. त्यातही प्रथिनांचं फार महत्त्व. ती आकाराने मोठी असतात, केशिकेत परत शिरू शकत नाहीत. त्यांना लसीकेखेरीज दुसरी वाट नाही. ती मागे राहिली की स्वतःकडे पाणी ओढून धरतात. म्हणूनच लिम्फेडेमावर लघवी वाढवणारी गोळी लागू पडत नाही. पाणी जातं, प्रथिनं तिथेच राहतात आणि पुन्हा पाणी जमा होतं. कमी पाणी प्यायल्यानेही काही साधत नाही. हे दोन्ही उपाय करणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्या आहेत, म्हणून न विचारताच सांगून टाकते.

थोडं विषयांतर. १६२२ साली गास्पारे आझेली नावाच्या इटालियन शरीरशास्त्रज्ञाला नुकतंच खाणं झालेल्या कुत्र्याच्या आतड्यांजवळ पांढऱ्या दोऱ्यांचं जाळं दिसलं. आधी त्याला त्या नसा वाटल्या. एक कापली तर दुधासारखा द्रव बाहेर आला. उपाशी कुत्र्यात पाहायला गेला, तर काही दिसेना. कारण आतड्यातल्या या वाहिन्या अन्नातली चरबी उचलतात, तेवढ्यापुरत्याच त्या पांढऱ्या दिसतात. एरवी लसीका जवळजवळ रंगहीन. हार्वेचं रक्ताभिसरणावरचं पुस्तक यानंतर सहा वर्षांनी आलं, पण रक्ताचा प्रवास शाळेतल्या मुलालाही पाठ असतो आणि लसीकेचं नाव बहुतेकांना पहिल्यांदा कळतं ते हात सुजल्यावर. आजही सर्जनना या वाहिन्या बघायच्या तर त्यात रंग सोडावा लागतो.

तर मुद्दा असा की या व्यवस्थेला हृदय नाही. वाहिन्यांच्या भिंती स्वतः थोड्या आवळतात, आत एकाच दिशेला उघडणाऱ्या झडपा असतात. बाकीचा जोर बाहेरून मिळतो. स्नायू आवळले की वाहिनी दाबली जाते आणि लसीका पुढच्या झडपेपलीकडे सरकते. खोल श्वास घेतला की छातीतला दाब उतरतो आणि ती वर ओढली जाते. तुमच्या हाताचे मोठे रस्ते कापले गेले, रेडिएशनने काखेतली जागा थोडी कडक झाली. उरलेल्या वाहिन्या आडवाटांनी ते पाणी नेत आहेत आणि दीड वर्षाहून जास्त काळ त्यांनी ते निभावलंही. अशा वेळी हात मांडीवर ठेवून बसलं तर स्नायूंकडून मिळणारा तो जोरही जातो. तुमचे ‘हे’ काळजीनेच सांगत आहेत, पण हाताला दिलेली पूर्ण विश्रांती त्याला जड पडते.

एक कबुली द्यायला हवी. मी फिजिओथेरपीचं काम सुरू केलं तेव्हा बायकांना हेच सांगत होते: जड उचलू नका, हात सांभाळा. त्यामागचा तर्क दिसायला सरळ होता. मेहनत केली की हाताकडे रक्त जास्त येतं, म्हणजे जास्त झिरपतं, आणि रस्ते तर अपुरे. तो तर्क पुढे तपासला गेला. २००९ साली अमेरिकेतल्या कॅथरिन श्मिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. हात आधीच सुजलेल्या १४१ स्त्रियांपैकी निम्म्या जणींना त्यांनी वर्षभर, आठवड्यातून दोनदा, वजनं उचलायला लावली. वजन अगदी थोडं-थोडं वाढवत, सुरुवातीला प्रशिक्षकाच्या नजरेखाली आणि हातावर दाब देणारी स्लीव्ह घालून. वर्षाअखेर त्यांचे हात जास्त सुजले नाहीत. उलट सूज अचानक उसळण्याचा त्रास वजनं उचलणाऱ्यांत शंभरात १४ जणींना झाला, न उचलणाऱ्यांत २९ जणींना. पुढच्याच वर्षी सूज नसलेल्या स्त्रियांवरचा अभ्यास आला. ज्यांच्या पाच किंवा जास्त ग्रंथी काढल्या होत्या त्यांच्यात व्यायाम न करणाऱ्या शंभरातल्या २२ जणींना सूज आली, करणाऱ्यांपैकी ७ जणींना. संख्या लहान आहे, तरी रोख स्पष्ट होता. त्यानंतर मी सांगणं बदललं. पण जुन्या सूचनांचे कागद लोकांच्या फायलींत तसेच राहिले, त्यातलाच एक तुमच्याकडे असावा.

सुईची आणि रक्तदाबाच्या पट्ट्याची भीतीही अशीच. २०१६ सालच्या एका अभ्यासात सहाशेहून अधिक स्त्रियांचे हात वर्षानुवर्षं मोजले होते. रक्त काढणं, इंजेक्शन, रक्तदाब मोजणं, विमानप्रवास यांपैकी कशाचाही सुजेशी संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो काखेची मोठी शस्त्रक्रिया, ग्रंथींच्या भागातलं रेडिएशन, जास्त वजन आणि त्वचेचा जंतुसंसर्ग यांच्याशी. उजवा हात मोकळा असेल तर तोच पुढे करा, त्यात वाईट काही नाही. पण अडचणीच्या वेळी कुणी डाव्या हाताला सुई टोचली म्हणून रात्रभर जागू नका.

भाचीचं म्हणणं निम्मं खरं आहे. तुंबलंय, हो. विषारी द्रव्यं, नाही. तिथे साचलंय ते तुमच्याच रक्तातून झिरपलेलं पाणी आणि प्रथिनं. शरीरातली नको असलेली द्रव्यं निकामी करून बाहेर टाकण्याचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात आणि त्यासाठी कुणी हात चोळावा लागत नाही. लसीकेसाठीचा मसाज असतो, हे मात्र खरं. एमिल आणि एस्ट्रिड व्होडर या डॅनिश दांपत्याने तो १९३०च्या दशकात बसवला. पण तो आपल्या मनातल्या मसाजसारखा नसतोच. तेल लावून रगडणं त्यात नाही. कातडी नुसती हलकेच ताणायची आणि सोडायची. सुरुवातही मनगटापासून करत नाहीत. आधी मान आणि निरोगी बाजू मोकळी करतात, सुजलेल्या हाताकडे शेवटी येतात. पुढचा रस्ता रिकामा केल्यावर मागचं हलवायचं, असा तो हिशोब. जोरात रगडलं तर या नाजूक वाहिन्यांना इजा होते. हातात जंतुसंसर्ग किंवा गुठळी असताना तर मसाज धोक्याचाच. शिवाय सूज उतरवण्यात मसाजचा एकट्याचा वाटा लहान असतो, मोठा वाटा दाबाचा आणि व्यायामाचा. भाची सांगते तिथे जायचंच असेल तर एक करा. ‘काखेतल्या ग्रंथी काढल्या आहेत आणि रेडिएशन झालं आहे’ एवढं सांगा आणि समोरची व्यक्ती काय विचारते ते बघा. तिने पुढे काहीच विचारलं नाही, थेट झोपायला सांगितलं, तर पर्स उचला आणि घरी या.

मग करायचं काय? डॉक्टरांनी बाकीच्या शक्यता नाकारल्या की लिम्फेडेमाचं काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे पाठवायला सांगा. ‘थोडीशीच सूज आहे, बघू पुढे’ असं उत्तर आलं तरी आग्रह धरा. सकाळी सूज उतरते आहे, म्हणजे आत अजून बहुतांशी पाणीच आहे. तसंच सोडलं तर महिन्या-वर्षांत तिथे चरबी आणि तंतू भरतात, हात कडक होतो आणि मग नुसत्या उशीवर ठेवून तो उतरत नाही. आत्ताचा काळ सगळ्यात फायद्याचा आहे. काखेची अशी शस्त्रक्रिया झालेल्या साधारण पाचातल्या एकीला कधी ना कधी ही सूज येते, बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांतच. तुम्ही काही चुकीचं केलंत म्हणून ती आलेली नाही.

स्लीव्ह मापानेच घ्या, आणि दुसऱ्या कुणाची, दिसायला बरोबर वाटली तरी, घालू नका. मनगटाशी किंवा दंडाशी गुंडाळली गेलेली स्लीव्ह दोरी बांधल्यासारखी काम करते आणि सूज वाढवते. साधारणपणे ती दिवसा घालतात, रात्री काढतात. सहाएक महिन्यांत तिचा ताण जातो, मग नवी लागते. घरातलं क्रेप बँडेज गुंडाळणं हा तिला पर्याय नाही. सूज जास्त असेल तर थेरपिस्ट काही आठवडे थरांचं बँडेज बांधून आधी हात उतरवतात, मग स्लीव्हचं माप घेतात.

व्यायाम थेरपिस्टकडून बसवून घ्या. तोवर खोल श्वास, खांदे गोल फिरवणं, आणि हात उशीवर ठेवून मूठ आवळणं-उघडणं, दिवसातून दोन-तीनदा, हे चालेल. पुढे अर्ध्या किलोचं वजन येईल, मग एक किलोचं. वाढवायचं कधी, याची खूण सोपी आहे. व्यायामाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हात नेहमीसारखा उतरलेला असेल तर चालतंय. उतरला नसेल तर एक पायरी खाली या, सोडून देऊ नका. वजन वाढलेलं असेल तर ते कमी केल्याने हातालाही सोपं जातं. किमोच्या काळात वाढलेलं वजन हा बायकांचा दुखरा विषय आहे, माहीत आहे मला. घाई नाही.

आणि त्वचा. एखाद्या जंतुसंसर्गाने उरलेल्या वाहिन्यांचं जितकं नुकसान होतं तितकं दहा ताटं उचलून होत नाही. कोरडी पडून भेगाळू देऊ नका, भांडी-बागकाम करताना हातमोजे घाला, कापलं-खरचटलं तर लगेच साबणाने धुवा आणि दोन दिवस लक्ष ठेवा.

आता मुलाकडे येऊ. तुमच्या किमोच्या महिन्यांत त्याला करण्यासारखं काय होतं, जरा आठवून बघा. औषधं डॉक्टर देत होते, उलट्या तुम्ही सोसत होता, तो दाराशी उभा होता. ताट हातातून काढून घेणं ही त्याला सापडलेली एकच गोष्ट आहे. नुसतं ‘काढून घेऊ नकोस’ म्हणालात तर त्याला लागेल. त्याला दुसरं काम द्या. शिवणकामाची टेप आणि एक वही द्या. दर रविवारी, ठरलेल्या वेळी, दोन्ही हात मोजायचे: मनगटाला, मग तिथून वर दर दहा सेंटिमीटरवर, दंडापर्यंत. दोन्ही हातांत मुळातच थोडा फरक असतो, उजव्या हाताने कामं करणाऱ्यांचा उजवा किंचित जाड, म्हणून एका दिवसाच्या आकड्याला फार अर्थ नाही. फरक वाढत जातो आहे का, हे बघायचं. डाव्या हाताचं एखादं माप उजव्यापेक्षा दोन सेंटिमीटरनी जास्त भरायला लागलं तर थेरपिस्टना कळवायचं. आणि डॉक्टरांकडे जाताना ‘ह्यां’ना बरोबर न्या. विश्रांतीबद्दलचा प्रश्न त्यांनाच विचारू द्या. उत्तर त्यांच्या कानांनी ऐकलेलं बरं.

राहिला ‘तो हात’. ताई, एक विचारते, उत्तर मला कळवायची गरज नाही. समजा उद्या सकाळी हात अगदी पूर्वीसारखा झाला, तर तुम्ही बाळाला लगेच उचलून घ्याल? की तरीही एक पाऊल मागे राहाल? मोठ्या आजारातून उठलेल्या पुष्कळ जणी नव्या जिवाजवळ जायला बिचकतात. लळा लावायचा आणि आपलं काही झालं तर, असं काहीतरी आत असतं आणि हाताचं निमित्त सोयीचं पडतं. तुमचं तसं नसेलही. असेल तर पुढच्या तपासणीत समुपदेशकांची भेट मागा. त्या प्रश्नाचं उत्तर टेपने मोजून मिळत नाही.

बाळाला घ्यायला मात्र एवढं सगळं होईपर्यंत थांबू नका. दीड महिन्याचं बाळ चार-पाच किलोचं असतं. वर सांगितलेली लालसरपणा, ताप, वेदना यांतली एकही खूण नसेल तर आजच घ्या, पण बसून. पाठ टेकलेली, डाव्या कोपराखाली जाड उशी, बाळाचं डोकं डाव्या कोपराच्या खळग्यात, म्हणजे उजवा हात थोपटायला मोकळा. भार उशीवर आहे, हातावर नाही. पंधरा-वीस मिनिटांनी बाजू बदला, मूठ पाच-दहा वेळा आवळून उघडा. उभं राहून फिरवणं थेरपिस्टनी हात पाहिल्यावर. बाळाची नखं सुनेला वेळच्या वेळी कापायला सांगा, ओरखडा आला तर तेवढाच धुवा. त्या अभ्यासातल्या बायकांची वजनं कुणीतरी हिशोब ठेवून वाढवत होतं. तुमचं वजन दर महिन्याला आपोआप वाढणार आहे. फक्त हाताने कुरकुर केली म्हणून ते कमी होणार नाही, तेव्हा खुशाल त्याच्या आजोबांकडे द्या.

आणि बाळ अंगावर झोपलं, अर्ध्या तासाने हाताला मुंग्या आल्या, तर लगेच डॉक्टरांना फोन लावू नका. बाळ झोपलं की सगळ्यांच्याच हाताला येतात त्या.